पदरचं काही न घालता

एखाद्या वस्तूतून काहीतरी काढून टाकलं की तिची किंमत वाढते, हा अर्थशास्त्राचा नियम मला कॉलेजात कोणी शिकवला नाही. तो मी बाजारात पिशवी घेऊन हिंडताना शिकलो. बिनसाखरेचं बिस्कीट साखरेच्या बिस्किटापेक्षा महाग. बिनपॉलिशचा तांदूळ पॉलिशच्या तांदळापेक्षा महाग. ज्या खेड्यात वीज नाही, रस्ता नाही, फोन लागत नाही, तिथे दोन दिवस राहायचे जे पैसे घेतात, तेवढ्यात आमच्या वडिलांनी एक मुंज आणि अर्धं लग्न उरकलं असतं. तेव्हा आमच्या मेव्हण्याने एक रिकामा डबा घेतला आणि त्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनीइतकी सांगितली, तेव्हा मी मुळीच दचकलो नाही. फक्त ‘आत काय आहे?’ असं विचारलं.

‘काही नाही,’ तो अभिमानाने म्हणाला. ‘तेच तर!’

डबा अगदीच रिकामा नव्हता, हे न्यायाला धरून सांगितलं पाहिजे. मेव्हण्याने चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत दोन-चार वायरी, कुठलं यंत्र जोडायचं ते निवडण्याचा एक खटका, आणि आवाज कमी-जास्त करायची एक खुंटी. बस्स. बाकी सगळी मोकळी हवा. विजेचा प्लग नाही, लुकलुकणारा दिवा नाही. पाटीवर इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचं मराठी करायचं तर ‘निष्क्रिय पूर्वध्वनिवर्धक’ असं होईल. ध्वनी वाढवण्यासाठी ज्याचा जन्म झाला आणि जो तो मुळीच वाढवत नाही, असा वर्धक! मी आयुष्याची चौतीस वर्षं सरकारी नोकरीत काढली असल्यामुळे ही कल्पना मला परकी वाटली नाही.

आमचा मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला गाण्याचा नाद आहे असं लोक म्हणतात, पण त्याला नाद आहे तो गाणं ज्यातून येतं त्या यंत्रांचा. गाणं हे त्याच्या लेखी यंत्र तपासण्याचं एक साधन आहे. त्याच्या घरात या प्रयोगांना बंदी झाल्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्याची प्रयोगशाळा आमच्या हॉलमध्ये आहे. बहिणीचं घर म्हटल्यावर भाड्याचा प्रश्न येत नाही, आणि चहा वेळेवर मिळतो.

आता हा डबा का म्हणून, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. तबकडीच्या जमान्यात, म्हणजे जेव्हा गाणं सुईच्या टोकावर उभं असायचं तेव्हा, त्या सुईतून निघणारी वीज फार म्हणजे फारच थोडी असे. साधारण पाच मिलिव्होल्ट. एका व्होल्टचा दोनशेवा हिस्सा. शिवाय तबकडीवर गाणं जसंच्या तसं कोरलेलं नसायचं. खर्ज कमी करून आणि टीप वाढवून कोरायचं, आणि घरी ऐकताना ते पुन्हा उलटं करून सरळ करायचं, असा करार १९५४ साली ठरला आणि कंपन्या हळूहळू तो पाळू लागल्या. त्यामुळे मोठ्या ॲम्प्लिफायरच्या आधी एक धाकटा ॲम्प्लिफायर लागायचाच. तो त्या अशक्त विजेला दूधतूप खाऊ घालायचा, तिचा उलटा सदरा सुलटा करायचा आणि मग तिला मोठ्याच्या पुढे उभी करायचा. त्याचं नाव प्रीॲम्प. तेव्हा तो खरोखर कामाचा माणूस होता.

१९८२ साली सीडी आली. तिच्या यंत्रातून निघते दोन व्होल्ट. सुईच्या चारशे पट! आणि मोठ्या ॲम्प्लिफायरला पूर्ण जोर लावायला एखादा व्होल्ट पुरतो. म्हणजे लग्नाला पन्नास माणसं जेवायची आणि यजमानाकडे आधीच शंभरांचा स्वयंपाक तयार. तरीही प्रीॲम्प आपला जुन्या सवयीने म्हणायचा, थांबा, मी आणखी दीडशेंचा करतो. आणि मग आपण खुंटी पिळून त्यातला बहुतेक स्वयंपाक गटारात ओतायचा. आवाज कमी करणं म्हणजे दुसरं काही नसतं. विजेचा हवा तेवढा भाग पुढे जाऊ द्यायचा आणि उरलेला जमिनीला वाहायचा.

यावर काही विचारी माणसांनी म्हटलं की हा मधला आचारी आता नकोच. नुसती खुंटी ठेवा. तो काही वाढवणार नाही, त्यामुळे काही बिघडवणारही नाही. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे विजेची गुरगुर नाही. आत ट्रान्झिस्टर नाही, त्यामुळे ट्रान्झिस्टरची खरखर नाही. गाणं आलं तसं गेलं. मेव्हण्याच्या शब्दांत सांगायचं तर, ‘भावोजी, हा आपल्या पदरचं काही घालत नाही.’

हे वाक्य ऐकून मी एकदम गप्प झालो. त्याचं कारण पुढे सांगतो.

त्याआधी मेव्हण्याच्या शुद्धतेबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती त्याला सांगितली तेव्हा तो दोन दिवस आमच्याकडे चहाला आला नाही. १९८०च्या दशकापासून स्टुडिओतल्या गाणं मिसळण्याच्या मोठमोठ्या टेबलांत ‘५५३२’ नावाची एक आठ पायांची चिप पोत्याने वापरलेली असे. म्हणजे त्या काळातलं एखादं गाणं आपल्या घरी येईपर्यंत अशा कित्येक डझन चिपांच्या पोटातून येऊन गेलेलं असतं. तीच चिप पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, एक वडापाव खाऊन उरलेल्या पैशांत मिळते. साध्या प्रीॲम्पमध्ये अशा एखाद-दोन असतात आणि त्या जी भर घालतात ती मोजायला यंत्र लागतं, कानाचं ते काम नाही. तेव्हा गंगा हृषीकेशहून निघून कानपूर, प्रयाग, काशी करत पाटण्याला पोचल्यावर घरच्या तांब्यावर फडकं बांधून ‘आता हिच्यात काही पडता कामा नये’ म्हणण्यासारखं हे आहे. मेव्हण्याचं उत्तर असं की, ‘दुसऱ्यांनी घाण केली म्हणून आपण करायची का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नैतिक प्रश्न विचारला की तांत्रिक माणूस गप्प बसतो, हे त्याला ठाऊक आहे.

तर डबा आला, बसला आणि खरं सांगायचं तर गोड वाजला. पहिला महिना काही तक्रार नव्हती. मेव्हणा डोळे मिटून बसायचा, मी डोळे मिटून झोपायचो. मग सौभाग्यवतींनी मोठ्या ॲम्प्लिफायरवर हरकत घेतली. हा ॲम्प्लिफायर गाणं चालू असो वा नसो, सदैव तापलेला असतो. त्याच्यावर तिने एकदा पापड वाळवले तेव्हा मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘ती भट्टी माझ्या सोफ्याजवळून हलवा,’ असा हुकूम सुटला. भट्टी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, स्पीकरांच्या मध्ये गेली. डबा इकडे आमच्या हाताशी राहिला, कारण खुंटी हाताशी हवी. दोघांच्या मध्ये दाराच्या चौकटीवरून, कॅलेंडरच्या मागून आणि देव्हाऱ्याच्या बाजूने फिरवलेली दहा मीटर वायर आली.

त्या संध्याकाळी आमची नात आली होती. वय चौदा. ती गाणं शिकते, आणि तिच्या कानांबद्दल तिच्या बाईंचं मत चांगलं आहे. किशोरीताईंची एक रेकॉर्डिंग लावली. दोन मिनिटांनी ती म्हणाली, ‘आजोबा, तंबोऱ्याने पांघरूण घेतलंय का?’

मला काही ऐकू आलं नव्हतं. येणार कसं? कानाच्या डॉक्टरांनी माझा जो आलेख काढला आहे तो आठ हजारांच्या आसपास खंबाटकीसारखा खाली उतरतो. मेव्हण्यानेही साठी ओलांडली आहे. शुद्धतेवर पैसे खर्च करायची ऐपत येते त्या वयात शुद्ध ऐकायचे कान गेलेले असतात. पण पोरगी म्हणत होती ते खरं निघालं, कारण मेव्हण्याने कागदावर गणित मांडलं आणि त्याचा चेहरा पडला.

गणित फार अवघड नाही. त्या डब्यातली खुंटी पन्नास हजार ओहमची. ती अशी ठेवली की निम्मा दाब पुढे जातो, तर पुढच्या वायरीला मागे साडेबारा हजार ओहमची अडवणूक दिसते. म्हणजे नळ अगदी बारीक. आणि वायर म्हणजे नुसती वाट नव्हे, ते एक टाकंही असतं. ते प्रत्येक हेलकाव्याला भरावं लागतं आणि रिकामं करावं लागतं. मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड धरले तर दहा मीटरला हजार. खर्जाचं काही बिघडत नाही. तो सेकंदाला शंभर वेळा टाकं भरायला मागतो, तेवढी सवड बारीक नळालाही असते. पण टीप मागते सेकंदाला दहा-दहा हजार वेळा. तिथे नळ धापा टाकायला लागतो. साडेबारा हजारांच्या थोडं पुढे गेलं की ताकद निम्मी. वायर स्वस्तातली असेल तर ते दिवाळं आणखी अलीकडे निघतं. आमची वायर स्वस्तातली होती. सगळे पैसे रिकाम्या डब्याला गेले होते.

आता तंबोऱ्याचं असं आहे की त्याचा जीव सगळा वरच्या नादांत. घोडीवर तारेखाली जे सूत असतं ते केसभर सरकवून गवई जवारी काढतो ती त्या वरच्या, बारीक, एकमेकांत मिसळून उमटणाऱ्या नादांसाठीच. ते गेले की तारा वाजतात, सूर बरोबर असतो, पण तंबोरा बोलत नाही. डब्याने त्यात काहीही मिसळलेलं नव्हतं. कोणी डब्यावर खटला भरला असता तर तो निर्दोष सुटला असता. आणि तरी वाटेत गेलं होतं ते नेमकं सर्वांत नाजूक तेवढंच.

आता त्या वाक्याचं सांगतो. ‘मी माझ्या पदरचं काही घालत नाही’ हे माझ्या आत्याचं वाक्य होतं.

वाईच्या आमच्या घरात दोन काका राहत. थोरले दादा, धाकटे अण्णा. १९६८ साली मागच्या अंगणातल्या आंब्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. झाडाचं खोड दादांकडे, फांद्या अण्णांकडे, आणि आंबे त्यांना वाटेल तिकडे पडत. घराचे दोन भाग झाले आणि मधल्या माजघरात आत्या राहिली. निरोपांची सगळी ने-आण तिच्याकडे. पाच वर्षांत तिने किती निरोप वाहिले याची गणती नाही, पण एका शब्दाची इकडची तिकडे होणार नाही अशी तिची ख्याती होती. ‘अण्णाला सांग, बंबाचा धूर इकडे येतो,’ असं दादा म्हणाले की ती उंबरठा ओलांडून म्हणायची, ‘दादा म्हणतो, बंबाचा धूर तिकडे येतो.’ ‘दादाला म्हणावं, धुराला हद्द कळत नाही,’ असं अण्णा म्हणाले की तेवढंच परत. कोणी म्हटलं की अगं, जरा समजुतीनं सांग, तर ती फणकारायची, ‘मी माझ्या पदरचं काही घालत नाही.’

माझी आई तिच्या अगदी उलट. सुट्टीत आम्ही वाईला गेलो की आईला राहवायचं नाही. धुराचा तोच निरोप तिने एकदा नेला तो असा: ‘भावोजी, दादांना खोकला झालाय हो. रात्र रात्र झोप नाही. धूर तेवढा सोसत नाही त्यांना.’ अण्णांनी त्याच दिवशी बंब चार हात पलीकडे सरकवला. इतकंच करून ते थांबले असते तर आईचा जयजयकार झाला असता. पण त्यांनी संध्याकाळी आल्याचा काढा पाठवला. ‘खोकला? कोणाला खोकला?’ असं दादा गरजले, आणि आपण आजारी असल्याची भुमका उठवून हा झाडाचा निकाल लावू पाहतोय असा अर्थ काढून त्यांनी वकील गाठला. आईने पदरचं घातलं होतं ते चांगलंच होतं, पण दोन्हीकडे ते सारखं ऐकू येईना. यंत्रांच्या भाषेत याला विकृती म्हणतात, ती गोड असली तरी.

आपल्या पुराणांतही या दोन्ही जाती आहेत. मारुतीला पाठवलं होतं सीतेचा शोध घ्यायला आणि अंगठी द्यायला. तो अंगठी देऊन, वन मोडून, लंका जाळून परत आला. एवढा गेन त्याला कोणी मागितला नव्हता. दुसऱ्या टोकाला संजय. अठरा दिवसांचं युद्ध त्याने धृतराष्ट्राला जसंच्या तसं सांगितलं. कोण पडलं, कोणाचा रथ मोडला, सगळं. त्याच्याइतका शुद्ध मध्यस्थ झाला नाही. पण आंधळ्या म्हाताऱ्याच्या काळजापर्यंत एखादी गोष्ट वेळेवर पोचवायची, तर तिथवर संजयाची वायर पुरत नव्हती. मारुतीची देवळं गावोगाव आहेत, संजयाचं मी एकही पाहिलेलं नाही, यावरून लोकांचा कल कळतो. पण मला त्यावरून निकाल द्यावासा वाटत नाही. लंका जाळून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा निरोप देताना कोणीही विचार करील.

आमच्या खात्यात संजयच फार. विहीर खचली म्हणून कोणी शेतकऱ्याने अर्ज केला की तो एका टेबलावरून दुसऱ्यावर जायचा. प्रत्येक टेबलावर त्याला एकच शब्द चिकटायचा: ‘सादर.’ कोणी त्यात खाडाखोड केली नाही, कोणी वाक्य बदललं नाही. सातव्या टेबलावर तो पोचे तेव्हा त्यातली विहीर तशीच असे, सर्व्हे नंबर तसाच असे, फक्त विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस त्यातून गळून गेलेला असे. आणि सातही टेबलांवरची माणसं सज्जन होती. कोणी पैसे खाल्ले नाहीत. मी त्यांच्याबरोबर चौतीस वर्षं डबा खाल्ला आहे.

तर १९७३च्या उन्हाळ्यात दादा आजारी पडले, खरोखरीचे. मी तेव्हा वाईला होतो, वीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आत्याला हाक मारली आणि म्हणाले, ‘अण्णाला म्हणावं, येऊन जा.’ त्या ‘येऊन’वर त्यांचा आवाज कापला. मी खिडकीपाशी होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. दादांचा आवाज कापताना आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता.

आत्या उठली, माजघरातून गेली, उंबरठ्यावर उभी राहिली आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, ‘दादा म्हणतो, येऊन जा.’

‘येऊन जा म्हणजे?’ अण्णा म्हणाले. ‘मी काय त्याचं कूळ आहे, हुकूम झाला की हजर व्हायला?’

आत्या परत आली आणि हेही तिने जसंच्या तसं सांगितलं. दादा भिंतीकडे वळले. त्या दिवशी संध्याकाळी ते जेवले नाहीत.

मी या प्रसंगाचा खूप विचार केला आहे. आत्या खोटं बोलली नाही. शब्द तेच होते, क्रम तोच होता. एका ओसरीवरून दुसरीवर जाताना गेला होता तो फक्त तो कंप. आणि निरोप तर सगळा त्या कंपातच होता, शब्द नुसते त्याला धरायला होते. बरं, तो कंप नेता आला असता तो कसा? ‘दादाचा आवाज कापत होता’ असं सांगणं म्हणजे आत्याच्या हिशेबी पदरचं घालणं. दादांनी ‘माझा आवाज कापतो असं सांग’ असं काही सांगितलं नव्हतं.

मेव्हण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग काय, माझा डबा टाकून देऊ? पुन्हा ते गेनवाले घोटाळे?’ त्याला वाटलं मी आईच्या बाजूने बोलतोय. मी तसं बोलत नव्हतो. या दोघींच्या मध्ये आणखी एक जात आहे, आणि गंमत म्हणजे ती मला मेव्हण्याच्याच मासिकांत सापडली. तिचं नाव बफर. नेल्सन पास नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने २००८ मध्ये त्याचा एक साधा नकाशाच लोकांपुढे ठेवला, ज्याला हवं त्याने घरी करून घ्यावा म्हणून. हा बफर आवाज वाढवत नाही. एक व्होल्ट आत, एक व्होल्ट बाहेर. पदरचं काही नाही. पण त्याला विजेचा प्लग असतो, आणि त्या विजेच्या बळावर तो तोच एक व्होल्ट घट्ट धरून पुढे नेतो. साडेबारा हजारांच्या बारीक नळाऐवजी पाच-सहाशे ओहमचा, कधी त्याहूनही रुंद नळ. वायर दहा मीटर असो, वीस असो, त्याला फिकीर नाही. शब्द तेच, पण नेणारा माणूस स्वतःच्या पायांवर उभा.

आत्याला बफर माहीत असण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, पुन्हा माजघरातून गेली, पण उंबरठ्यावर उभी राहिली नाही. ती आत गेली आणि अण्णांच्या समोर जमिनीवर बसली. पाच वर्षांत ती त्या ओसरीवर बसली नव्हती. एका बाजूला बसली तर दुसरीकडे कमी-जास्त वाटेल म्हणून दोन्हीकडे उभ्याउभ्याच बोलायची. ती बसली आणि म्हणाली, ‘दादा म्हणतो, येऊन जा.’ अण्णा काहीतरी बोलले. ती गप्प. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेवढंच म्हटलं. अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. चहा आला, तिने घेतला नाही. मला वाटतं तास-दीड तास ती तिथे बसून होती. मी दारातून दोनदा बघून आलो. शेवटी अण्णा उठले, सदरा घातला आणि माजघरातून चालत पलीकडे गेले.

दादा पुढे दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत दोघे रोज संध्याकाळी ओसरीवर बसून आंब्यावरून भांडायचे, समोरासमोर, मध्ये कोणी नाही. आत्या कुरकुरायची, ‘आता मला कोण विचारतंय!’

हे ऐकून मेव्हणा जरा विचारात पडला, पण बफर घ्यायला तयार झाला नाही. एकदा प्लग आला की डबा बाटला, असं त्याचं म्हणणं. शिवाय त्याने गीता काढली. निष्काम कर्म वगैरे. मी म्हटलं, ‘निष्काम वेगळं आणि निष्क्रिय वेगळं. अर्जुनाला श्रीकृष्णांनी प्लग काढायला सांगितला नव्हता.’ तो म्हणाला, ‘भावोजी, तुम्ही सरकारी नोकर, तुम्हाला निष्क्रियतेची किंमत नाही.’ मी म्हटलं, ‘तिची किंमत माझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार? मी ती दर महिन्याला पगार म्हणून घेत होतो.’

आमचा वाद असा रंगात आलेला असताना सौभाग्यवती भाजी निवडत म्हणाल्या, ‘काय रे, तो डबाच तिकडे भट्टीपाशी का ठेवत नाहीस? लांब वायर डब्याच्या आधी घाल, नंतर कशाला?’

मेव्हण्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग कागद ओढला. सीडीच्या यंत्राचा नळ मुळात रुंद असतो, शे-दोनशे ओहमचा. त्याला दहा मीटरचं टाकं म्हणजे काहीच नाही, लाखांच्या घरात सहज जातो. आणि डबा भट्टीला खेटून ठेवला, मध्ये अर्धा मीटर वायर ठेवली, तर बारीक नळासमोर टाकं नाही, नुसती वाटी राहते. गणित बिनचूक जमत होतं. चाळीस वर्षं या विषयावरची मासिकं वाचणाऱ्या माणसाला हे भाजी निवडणाऱ्या बाईने सांगावं, हे त्याला फार लागलं. ‘ताई, तुला कसं सुचलं?’ त्याने विचारलं. ‘मला काय सुचायचंय?’ ती म्हणाली. ‘तो डबा माझ्या टीपॉयवरून जायला हवा होता.’

नात पुढच्या रविवारी आली. तीच रेकॉर्डिंग लावली. तिने मान डोलावली आणि म्हणाली, ‘उठला तंबोरा.’ मेव्हणा इतका खूश झाला की त्याने तिला पाचशे रुपये दिले.

एकच अडचण राहिली. निष्क्रिय डब्याला रिमोट नसतो. खुंटी पिळायची तर कोणीतरी तिच्यापर्यंत जावं लागतं, आणि ती आता हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, भट्टीच्या मागे, जमिनीवर आहे. मेव्हण्याचे गुडघे दुखतात. नात अभ्यासात असते. बायको स्वयंपाकघरात असते, आणि कुकरच्या शिट्टीच्या मानाने गाणं मोठं झालं की आतून आवाज येतो, ‘अहो, जरा कमी करा!’ मग मी उठतो. कॅलेंडर, देव्हारा, दाराची चौकट ओलांडून पलीकडे जातो, वाकतो, खुंटी केसभर मागे घेतो. खुर्चीपर्यंत परत येतो न येतो तोच मेव्हणा डोळे न उघडता म्हणतो, ‘भावोजी, आता अगदी एवढंसं वाढवा.’